खुणेचा धनी

पंक्चर काढायला सायकल उलटी करावी म्हणून बिरप्पानं सीटला हात घातला आणि तो तिथंच थांबला. सायकल होटगीच्या अजिनाथ दूधवाल्याची. सीटवर काळ्या घोंगडीचं कव्हर, आणि कव्हरच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं काढलेला मेंढीचा कान. कानाला दोन खाचा. ती बिरप्पाच्या घराण्याची खूण.

"हे कुटनं आणलंस रं?"

"आबा, तुमचंच हाय की!"

"माजं आसतं तर मला ठावं नसतं व्हय?"

"उदयसिंहाच्या दुकानातनं घेतलं. तुमच्यापरीस स्वस्त हाय, आन् चमकतं बी."

बिरप्पानं कव्हर नाकाला लावलं. लोकरीला मेंढराचा वास येतो. ह्याला नव्या चपलेचा येत होता. मग त्याला खुणेशेजारचं चौकोनी ठिगळ दिसलं आणि त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

बिरप्पा मूळचा सांगोल्याकडचा. मेंढरं विकून त्यानं शुक्रवार पेठेत सायकलचं दुकान टाकलं. त्याची बायको बनाबाई सूत काततच होती. ती जुन्या रिमवर ताण्याचे उभे धागे धरून सीटची कव्हरं विणायची, बिरप्पा त्यावर कानाची खूण टाचायचा. सोलापूरच्या उन्हात तापलेल्या सीटवर बसून बघा, मग त्या कव्हराची किंमत कळेल. घट्ट चड्ड्या घालून पहाटे सायकली मारणारे डॉक्टरसुद्धा दुकान शोधत यायचे. अशात सायकलच्या सामानाचा ठोक व्यापारी उदयसिंह आला आणि गोड बोलून म्हणाला, "मामा, एक नमुना द्या, मोठी ऑर्डर आणतो." शिल्लक कव्हर नव्हतं म्हणून बिरप्पानं स्वतःच्या सायकलचं काढून दिलं. ते उंदरानं कुरतडलं होतं, बनाबाईनं वरून ठिगळ लावलं होतं. ऑर्डर काही आली नाही. नमुना मात्र समुद्रापार कुठल्याशा कारखान्यात गेला आणि तिथून ढिगानं परत आला, ठिगळासकट.

"एवढा मोठा कारखाना," बिरप्पा कडाडला, "आन् उंदरानं खाल्लेलं कळंना त्यास्नी!"

अजिनाथाचं पंक्चर तसंच सोडून तो तरातरा उदयसिंहाच्या दुकानात गेला.

"या मामा, बसा. चहा सांगू?"

"चा नगं. माजी मेंढरं द्या."

"कसली मेंढरं?"

बिरप्पानं कोपऱ्यातल्या कव्हरांच्या गठळ्यांकडं बोट केलं. उदयसिंह हसला. "हा माल बाहेरून आलाय, मामा. कंटेनरमधनं. माझ्याकडं बिल आहे. तुमच्याकडं काय आहे? खूण रजिस्टर केलीय?"

"मेंढीचा कान कोण रजिस्टर करतंय? बापजाद्यापासनं हाय ती!"

"कायद्यात कान बसत नाही."

"आन् ह्ये ठिगळ?"

"ते डिझाईन आहे."

डिझाईन म्हटल्यावर बिरप्पाचं टाळकं सटकलं. चुकलेलं मेंढरू कुणाच्याही कळपात शिरो, धनी येतो, कान बघतो आणि आपलं घेऊन जातो. आजवर कुणी बिल मागितलं नव्हतं. त्यानं गठळी खांद्यावर टाकली आणि चौकात उभा राहून गरजला, "ऐका रं समदी! ही खूण जितं दिसंल ती वस्तू माजी! बिरप्पाची!"

"पोलिसात जाईन!" उदयसिंह मागून ओरडला. पण चौकातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा तो गप आत गेला. घरी बनाबाई गठळी बघून एवढंच म्हणाली, "आता ह्ये ठेवायचं कुटं?"

मग ऊन चढलं. सीट तापायला लागल्या, माणसं घामाघूम व्हायला लागली आणि उदयसिंहानं गावभर विकलेल्या बनावट कव्हरांनी रंग सोडला. काळा सोडला असता तर एक वेळ चाललं असतं. लाल सोडला. जो बसेल त्याच्या मागच्या बाजूला मेंढीचा कान उठला, दोन खाचांसकट. पांढरी पँट घातलेले डॉक्टर पेशंट तपासायला वाकले की नर्स तोंड फिरवून हसायच्या. शाळेतल्या दाक्षायणीबाई फळ्याकडं वळल्या की वर्ग खिदळायचा.

सगळे आधी उदयसिंहाकडं गेले. त्यानं हात जोडले. "माझा काय संबंध? मामांनी भर चौकात सांगितलंय, खूण दिसेल ती वस्तू त्यांची. मी तर मान्यच करतो! बिचाऱ्यांचा माल चुकून माझ्या हातनं विकला गेला."

म्हणून सगळी वरात बिरप्पाच्या दारात आली.

"मामा, ड्रेस नवा होता," दाक्षायणीबाई म्हणाल्या. "कशानंच जाईना डाग."

"बाई, ही चोरी हाय! नक्कल हाय! माज्या घरचा लाल दोरा कदी रंग सोडत न्हाय!"

"मग म्हणा ना तसं," गर्दीच्या मागून उदयसिंह बोलला. त्यानं मोबाईल उंच धरला होता. "मोठ्यानं म्हणा, 'ही खूण माझी नाही.' मी सगळ्यांची भरपाई करतो. आत्ताच्या आत्ता."

त्याला तेवढंच वाक्य हवं होतं. ते मोबाईलात आलं की पुढचा कंटेनर निर्धास्त.

बिरप्पाच्या कपाळाची शीर उडायला लागली. चोरी ह्यानं करायची आणि तोंड आपण लपवायचं! पण रिवाजाची दुसरी बाजू त्याला ठाऊक होती. ती तो चौकात बोलला नव्हता, एवढंच. मेंढरानं दुसऱ्याचं पीक खाल्लं की खुणेचा धनी भरून देतो. 'ते माजं न्हवंच' असं म्हणणाऱ्या धन्याला कुणी परत मेंढरं घेऊन रानात उतरू देत नाही.

"खूण माजीच हाय," तो म्हणाला. "काल बी हुती, उद्या बी ऱ्हाईल. कापडाचं मला काय करता यायचं न्हाय. पर ह्ये बनावट हितं टाका, आन् अस्सल घिऊन जावा. समद्यांस्नी देतो."

"लोकरीचं?" एका डॉक्टरांनी विचारलं.

"लोकरीचंच!"

उदयसिंह मोबाईल खिशात घालून निघून गेला. मंडळी खूश झाली, नावं सांगून पांगली. बिरप्पा छाती फुगवून आत आला. बनाबाई रिकाम्या रिमजवळ हात मांडीवर ठेवून बसली होती.

"इणायची कुणी एवढी?"

"तू इणशील की हळूहळू."

"मी व्हय?" ती उठून उभी राहिली. "सीटवर घोंगडं घालायचं कुणाच्या डोस्क्यातनं आलं? रिमवर ताणा धरायचं कुणाला सुचलं? तुमी निस्ती खूण ठोकली, आन् गावभर झालं बिरप्पाचं कव्हर! मी आले का कदी दुकानात गठळी उचलाया?"

बिरप्पानं तोंड उघडलं. उदयसिंहाला सुनावलेले सगळे शब्द ओठावर होते, पण त्यातला एकही आज त्याच्या बाजूचा नव्हता.

"अगं, घरातल्या घरात काय..."

"घरातल्या घरात, आन् कंटेनरातनं. फरक काय त्यो सांगा."

तिनं कच्च्या लोकरीचं पोतं ओढत आणून त्याच्यासमोर आपटलं. बिरप्पा उंबऱ्यातच बसला आणि लोकरीतले काटे वेचायला लागला. जाणारे-येणारे बघत होते. बघू देत. अर्धं पोतं वेचून झाल्यावर त्यानं मान वर न करता हळूच विचारलं, "ह्या नव्यांवर खूण कुठली घालायची?"

"ते मी बगते," बनाबाई म्हणाली. "तुमी आदी काटं काडा."