उलट्या बाजूने पाठ केलेला मिक्सर

उशीच्या अभ्र्याला बटण लावायचं, एवढंच त्या दुपारी माझ्या मनात होतं. ते आतल्या खोलीत बसून लावलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं. पण उजेड बरा म्हणून नातीच्या टेबलाशी बसले, आणि तिथंच नडलं.

नात नाटकांना संगीत देते. म्हणजे देणार आहे. हे पहिलंच काम. घरात वाद्य एकही नाही. टॅबलेटच्या काचेवर बोट ठेवलं की आतून ढोल वाजतो. दिग्दर्शकाने बजावलं होतं, ढोल, झांज, टाळ्या, घंटा, सगळं सुटं सुटं पाहिजे, पाचच्या आत. नाहीतर दुसऱ्याकडून करून घेतो. त्याच काचेवर आवाज कमी-जास्त करायचा मिक्सर होता, आणि हिची चारही वाद्यं त्याच्या एकाच पट्टीतून बाहेर पडत होती. ढोल कमी करायला जावं तर झांजही मान टाकायची.

"परवा आवाजवाल्या दादाने दाखवलं होतं ना?"

"दाखवलं. मी मान हलवली."

"मग?"

"आजी, मान हलवणं वेगळं नि समजणं वेगळं."

दादाला फोन लावला, तर तो दाताच्या डॉक्टरकडे आ वासून बसलेला. घड्याळात सव्वाचार.

मला अक्षर येत नाही, आकडे तेवढे येतात. पण एकदा पाहिलेलं मी विसरत नाही. (धाकट्या जावेने चाळीस वर्षांपूर्वी नेलेली कात्री कुठल्या खिळ्याला होती, तेही सांगेन. अजून आलेली नाही.)

"सरक," म्हटलं, "दादाने काय काय दाबलं, सगळं डोळ्यापुढे आहे. वर डाव्या कोपऱ्यात चाक, मग खालून तिसरी ओळ."

कोपऱ्यात चाक नव्हतं, लाल ठिपका होता. म्हटलं, रंग बदलला असेल. दाबला. खालून तिसरी ओळ दाबली, झांज गेली. आणखी एक दाबलं, ढोलही गेला.

"काय केलंस आजी?"

"दादाने केलं तेच."

"दादाने केलं तेव्हा वाजत होतं."

पेपरातून तोंड न काढता आमचे हे म्हणाले, "तिला हात लावू देऊ नकोस गं. घड्याळाला किल्ली दिली तेव्हा ते कायमचं झोपलं."

"तुम्ही गप्प बसा. तुम्हाला जन्मात रेडिओचं स्टेशन लागलं नाही. आणि तो दिग्दर्शक कोण टिकोजीराव? परवा आला होता तेव्हा सदऱ्याचं बटण भलत्याच काजात. स्वतःचं बटण जागेवर नाही, नि माझ्या पोरीला म्हणे सुटं सुटं कर."

नात नुसती म्हणाली, "पहिलंच काम होतं गं."

माझी सुई हातातच राहिली. आणि लख्खकन आठवलं. परवा दादा नातीशेजारी बसला होता, मी टेबलापलीकडे. म्हणजे मी पाठ केलं ते सगळं उलटं.

खुर्ची उचलून पलीकडे नेली. बघते तर सगळं ओळखीचं.

"माझा वरचा डावा कोपरा. तुझा खालचा उजवा. चाक आहे?"

"आहे."

"दाब. आता ढोलाला एकचा आकडा, झांजेला दोन, टाळ्यांना तीन, घंटेला चार. दादाने सगळ्यांना वेगवेगळा दिला होता."

तिने दिले. गेलेली वाद्यंही परत वाजू लागली. ढोल आपल्या पट्टीत, झांज आपल्या, जशी माझी बटणं आपापल्या डबीत. पाचला पाच कमी असताना तिने सगळ्या पट्ट्या पाठवून दिल्या. वाद्यं चार आणि पट्ट्या पाच होत्या, पण म्हटलं, एक वर गेली तर गेली.

अर्ध्या तासाने दिग्दर्शकाचा फोन. नातीने स्पीकर लावला.

"काम मस्त झालंय. पुढचं नाटकही तूच कर. फक्त पाचव्या पट्टीवर कोणी बाई माझ्या सदऱ्याबद्दल बोलतायत."

लाल ठिपका कशाचा होता ते मला तेव्हा कळलं. मी अभ्रा तोंडापुढे धरला.

"ती आजी आहे, सर," नात पुटपुटली. "सॉरी."

"असू दे. त्या वेगळ्या पट्टीवर आहेत ना, एक बोट ठेवलं की बंद होतात."

ह्यांनी पेपराची घडी घातली, उठले आणि चष्मा लावत टेबलाशी आले.

"कुठं बोट ठेवायचं म्हणाले?"