दोन बोरींच्या मधली

दासरी सर नव्या माणसाला नाव विचारत नसत. आधी चेहरा न्याहाळत आणि म्हणत, "कपाळ आईकडचं दिसतंय. हनुवटी कुणाची ओ?" आमच्या प्राचार्यांच्या पत्नीला तर त्यांनी भर स्नेहसंमेलनात सांगितलं होतं, "धाकट्याचे कान थेट सासऱ्यांचे आलेत, मॅडम." बाई आठवडाभर मुलाच्या डोक्याला मफलर गुंडाळून होत्या.

सत्तरच्या दशकात सोलापूरच्या एका कॉलेजात आम्ही दोघं वनस्पतिशास्त्र शिकवायचो. मी त्यांच्याहून दोन वर्षांनी जुना. हे मुद्दाम सांगतो, कारण ते माझ्याखेरीज कुणाच्याच लक्षात राहत नसे. त्यांचं घर विणकरांचं, बोली तेलुगू. सूक्ष्मदर्शकाखालच्या काचांवर लाल रंग टाकून टाकून त्यांची बोटं कायम लाल असत. नव्या पेठेतले दुकानदार विचारत, "अजून सूत रंगवता काय?" सर शांतपणे म्हणत, "रंगवतो की ओ."

पोरं माझा तास चुकवून त्यांच्यामागे माळावर जायची. माझी बायकोसुद्धा त्यांच्यासाठी शेंगाचटणीची वेगळी पुडी बांधून द्यायची. "किती वाळलेत हो ते," म्हणायची. मीही वाळलो होतो, पण ते तिला दिसत नव्हतं.

अक्कलकोट रस्त्याच्या एका माळावर त्यांना ती बोर सापडली. तिथं दोन जातींची रानबोरं होती. एक गुडघ्याएवढं झुडूप, पान बारीक, खालून पांढरं मखमली. दुसरी उंच, रुंद पानांची. आणि दोन्हींच्या मध्ये एक तिसरीच उभी, पान ना हिचं ना तिचं.

"पाणी कमी पडलं असेल, म्हणून पान बदललं," मी म्हणालो.

"असेल की ओ. आत बघू."

पावसाळाभर ते पहाटे सायकलवरून जाऊन कळ्या आणत आणि काचेवर अंगठ्यानं दाबत. एका दुपारी त्यांनी मला बोलावलं. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आधी त्यांनी दोन्ही मूळ जाती दाखवल्या. त्यांच्या पेशींत गुणसूत्रं जोडीजोडीनं उभी होती. तिसरीच्या पेशीत कितीतरी एकएकटी भटकत होती. तिचे परागकणही बहुतेक पोचट, रंग न धरलेले. दोन जातींचा निसर्गातच संकर झाल्याचा हा पुरावा होता. मला तो एका नजरेत कळला.

"काच नीट दाबली गेलेली नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली आणि पंधरा दिवस नव्यानं काचा करत बसले.

त्याच सुमारास माळाचे मालक शिवाप्पा मला बाजारात भेटले. "कुंपनाला काट्या पायजेत. सोमवारी बोरी तोडनार हाय. त्या लाल बोटाच्या सरांचं एक झाड हाय तितं. त्यास्नी तेवढं सांगा की."

"सांगतो," मी म्हणालो.

शनिवारी सर भेटले, रविवारी भेटले. मी पावसापाण्याचं बोललो. सोमवारी बोर तुटली.

सर मंगळवारी माळावर जाऊन आले. महिन्याभरानं एका शनिवारी संध्याकाळी ते बोरीवरचा शोधनिबंध घेऊन माझ्या घरी आले. पहिल्या पानावर त्यांचं नाव होतं आणि शेजारी माझं.

"माझं कशाला?" मी विचारलं.

"तुम्ही शंका काढली, म्हणून मी इतक्या काचा केल्या. झाड गेलं तेव्हा पुरावा म्हणून त्याच राहिल्या." मग खाली बघत म्हणाले, "शिवाप्पांनी तुम्हाला सांगितलेलं. मला ठाऊक आहे ओ."

मी हातातले कागद खाली ठेवले. "मग माझ्यावर रागावला नाहीत?"

"आलेला की राग. चार दिवस तुमच्या वाटेला आलो नाही. पण ते चार दिवस काच दाखवायला कुणीच नव्हतं. घरात नऊ माणसं आहेत, दिवसभर माग खडखडतात. सूत सगळ्यांना कळतं, गुणसूत्र कुणाला कळतं? पोरं येतात ती सहलीला. तुम्ही एकदा बघितलं, आणि तुम्हाला कळलं. तुमच्या तोंडावर दिसलेलं मला."

बायकोनं चहा आणला. आम्ही दोघं बशीकडे बघत प्यालो. माफ करा, हे दोन शब्द माझ्या तोंडून निघालेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी सायकल काढली आणि त्यांच्याबरोबर माळावर गेलो. तुटलेल्या खुंटाला बारीक फुटवे आले होते. सरांनी खिशातली पट्टी माझ्या हातात दिली. मी गुडघे टेकून सगळ्यात उंच फुटवा मोजला. मी सांगितला तो आकडा त्यांनी तसाच वहीत लिहून घेतला.