बचावपटूची वहिनी

"आई, फक्त सँडविच दे त्यांना. प्लीज!" निमिष किचनच्या दारातून म्हणाला.

"एवढा इंग्लंडहून माणूस येतोय आणि त्याला थंडगार पाव वाढू?" प्रतिमाताईंनी पोळी तव्यावर टाकली. "लोक काय म्हणतील!"

"कोण लोक? वहिनी, तू तरी सांग ना हिला."

चैत्राली पुरण ढवळत राहिली. एका कडेवर एक वर्षाची लेक रुही, दुसऱ्या हातात पुरणाचा डाव, आणि वर मनात अपराधी भावना. कारण 'हॉटेलात कशाला, घरीच बोलवू या जेवायला' हे वाक्य मुळात तिचंच होतं. नवरा केदार ऑफिसच्या कामासाठी टेक्सासला गेलेला, त्यामुळे तिला कुणी अडवलंही नव्हतं.

येणारे गृहस्थ म्हणजे फुटबॉल क्लबसाठी खेळाडू शोधणारे मिस्टर विल्कॉक. इंग्लंडातल्या खालच्या लीगमध्ये वर्षानुवर्षं धडपडणाऱ्या हॅडलवर्थ टाउन क्लबला एक डिफेंडर हवा होता, आणि व्हिडिओत पाहिलेला अमेरिकेतल्या पार्सिपनीचा निमिष त्यांना बरा वाटला होता. दुपारची मॅच प्रत्यक्ष बघून ते निर्णय देणार होते. इकडे निमिषच्या बाबांनी, म्हणजे प्रल्हादरावांनी, आपला निर्णय आधीच दिला होता. "हे जमलं तर जमलं. नाहीतर फुटबॉल बंद, निमूट नोकरी!" त्या दिवसापासून निमिषच्या घशाखाली घास उतरत नव्हता, आणि दिराला बघून चैत्रालीच्याही.

विल्कॉकसाहेबांच्या घशाखाली मात्र सगळं उतरलं. पहिली पुरणपोळी संपल्यावर ते "नो, थँक यू" म्हणाले. आता पहिलं 'नको' कुणी खरं धरतं का? प्रतिमाताईंनी दुसरी वाढली. पानात टाकायचं नाही, हे साहेबांच्या आईने त्यांना शिकवलेलं असावं. त्यांनी ती संपवली. रिकामं ताट दिसल्यावर प्रतिमाताईंनी तिसरी वाढली, वर तुपाची धार. साहेबांनी ताटावर हात आडवा धरला, तर त्या कौतुकाने म्हणाल्या, "बघ गं, किती लाजतायत!"

दोन्ही बाजूंचा सभ्यपणा असा हातघाईवर आलेला असताना निमिष मान खाली घालून निघून गेला. त्याला मॅचआधी वॉर्मअप करायचा होता.

मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्च्या मांडल्या. उबदार ऊन पडलं होतं. मॅच सुरू झाली आणि साहेबांची मान छातीवर कलली.

"चैत्राली!" प्रतिमाताई घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. "अगं, हे झोपले!"

"बघतेय, आई."

"अगं मग उठव ना! पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे!"

चैत्राली खोकली. पाण्याची बाटली पाडली. मांडीवरच्या रुहीला उगाचच "ते बघ काका, ते बघ बॉल!" असं मोठ्याने सांगून झालं. त्या गडबडीत रुही झोपली, पण साहेब काही उठले नाहीत. शेवटी धीर करून तिने त्यांच्या खांद्याकडे हात नेला, आणि नेमका तेव्हाच निमिषच्या पायाखालून बॉल निसटला. समोरचा खेळाडू मोकळा सुटला. धाडकन बॉल गोलपोस्टवर आदळला आणि बाहेर गेला.

"ओऽऽह!" सगळे ओरडले.

विल्कॉकसाहेबांच्या मिशा हलल्या. चैत्रालीचा उठवायला नेलेला हात आपसूक थोपटायला लागला.

"अगं, हे काय करतेस?"

"आई, आता उठायला नकोत ते!"

"का?"

"आत्ता काय झालं ते बघितलं नाही का तुम्ही?"

प्रतिमाताईंना एकदम पटलं. त्यांनी अंगावरची शाल काढून साहेबांवर पांघरली.

तेवढ्यात शेजारच्या पद्मिनीकाकू हातातली घंटा जोरजोरात वाजवत आल्या. "कमॉन निमिष! कमॉन!"

"काकू, शूऽऽ! ती घंटा द्या इकडे."

"अगं, चिअर करतेय! तुझाच दीर ना?"

"हळूच करा. मनातल्या मनात करा!"

झोपलेल्याला झोपलेलं ठेवणं हे काम गेलं वर्षभर चैत्राली मन लावून करत होती. एक हात रुहीच्या पाठीवर, दुसरा साहेबांच्या खांद्यावर, दोन्हीकडे एकच ताल. निमिषने पुन्हा एकदा बॉल थेट समोरच्यांच्या पायात दिला, पण लगेच वाऱ्यासारखा मागे पळाला आणि अक्षरशः गोललाइनवरून लोळत बॉल बाहेर काढला. प्रतिमाताईंनी 'शाब्बास' म्हणायला तोंड उघडलं आणि स्वतःच त्यात पदर कोंबला.

मॅच शून्य-शून्यवर संपली. शिट्टी झाल्यावर विल्कॉकसाहेबांनी डोळे उघडले. चिखलाने माखलेला निमिष समोर येऊन उभा राहिला.

"सर, खरं सांगतो. मी आज दोनदा फार वाईट..."

चैत्रालीने डोळे वटारले. हा मुलगा डिफेंडर कसला, स्वतःवरच गोल करून घेतोय!

"बघितलं मी," साहेब म्हणाले.

"पण तुम्ही तर..."

"बॉल पोस्टला लागला तेव्हाच जाग आली मला. पण या बाई इतक्या मायेने थोपटत होत्या की डोळे उघडायचा धीर होईना. बाकीची मॅच किलकिल्या डोळ्यांनीच बघितली."

चैत्रालीचे कान तापले. पद्मिनीकाकूंनी घंटा तोंडावर धरून हसू लपवलं.

"आमच्याकडचे डिफेंडर चूक झाली की डोकं धरून उभे राहतात," साहेब पुढे म्हणाले. "तू पळत सुटलास. जानेवारीत ट्रायलला ये."

प्रतिमाताईंनी सुनेच्या कानाशी लागून विचारलं, "ट्रायल म्हणजे घेतलं ना?"

"अजून नाही, आई. तिथे बोलावून बघणार आहेत."

"अजून किती बघायचंय मेल्यांना! इतका वेळ काय झोपा काढत होते?"

"काय म्हणाल्या त्या?" साहेबांनी चैत्रालीला विचारलं.

"थँक यू म्हणतायत," चैत्राली घाईघाईने म्हणाली.

"मग मी आता उठू का?" साहेबांनी अदबीने विचारलं.

"हो, उठा ना! असं काय विचारता?"

ते फक्त आपल्या खांद्याकडे बघत राहिले. तिनेही तिकडे बघितलं. तिचा हात अजून थोपटतच होता.