अठरा भाग गेले कुठे

हृदयाला दिलेलं काहीही वाया जात नाही. दातार सर हे वाक्य डोळे अर्धवट मिटून म्हणत, तेव्हा नवख्या माणसाला वाटे, गृहस्थ कीर्तनकार असावेत. पुढचं वाक्य आलं की गैरसमज दूर होई. "वरून शंभर भाग घातले, खालून ब्याऐंशी आले. अठरा गेले कुठे?"

हृदय उंदराचं असे.

सर आमच्या वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवत. मी तिथला ग्रंथपाल. राहायलाही विश्रांतवाडीला एकाच इमारतीत, ते वर, मी खाली. उंदराचं हृदय काचेच्या नळीला टांगायचं, त्यातून कोमट क्षारपाणी सोडायचं, त्यात अ‍ॅड्रिनलिनच्या जातीचं औषध मिसळायचं आणि खाली ठिबकणाऱ्या पाण्यात ते किती उरलं हे मोजायचं, असा त्यांचा बावीस वर्षांचा उद्योग. जे कमी भरलं ते पेशींनी आत ओढून घेतलं. औषध मज्जातंतूच ओढून घेतात, यावरच पुस्तकांचा सगळा भर असे. सर म्हणत, "स्नायूसुद्धा घेतात हो. फक्त गाजावाजा करत नाहीत."

ही सवय प्रयोगशाळेबाहेरही सुटत नसे. एका शोकसभेत वक्ते म्हणाले, दिवंगत अनंतात विलीन झाले. सर माझ्या कानाशी पुटपुटले, "विलीन म्हणजे नेमकं कशात? आणि किती?" पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून पाहिलं. सरांना वाटलं, त्यांनाही तीच शंका आहे.

वहिनींना, म्हणजे सरांच्या पत्नीला, दमा होता. धाप लागली की त्याच अ‍ॅड्रिनलिनच्या जातीची गोळी जिभेखाली ठेवायची. श्वास मोकळा होई, पण त्याच गोळीनं छाती अशी धडधडे की त्या गोळी टाळत आणि खिडकीशी धापा टाकत बसून राहत. सरांचं म्हणणं, औषध पेशीबाहेर रेंगाळतं तोवरच धडधड; पेशीनं ते आत घेऊन संपवलं की शांत. तेव्हा हृदयाला हे काम जरा लवकर करायला लावायचं, एवढंच शोधायचं होतं. जूनमध्ये ते निवृत्त होणार होते. त्यांना आणखी दोन वर्षं हवी होती.

त्यासाठी संधीही आली. नव्या प्रयोगशाळेचं उद्घाटन ठरलं. विभागप्रमुखांनी सरांना बोलावलं. मी तिथेच पुस्तकांची यादी घेऊन उभा होतो.

"दातार, अध्यक्षांसमोर एकच वाक्य बोला. दम्यावरचं नवं औषध दृष्टिपथात आहे. मुदतवाढीवर सही तिथल्या तिथे घेतो."

"पण ते दृष्टिपथात नाहीये."

"अहो, दृष्टी कोण तपासतंय!"

उद्घाटनाला फीत होती, नारळ होता, सनई होती. प्रमुखांनी हृदय हे मानवतेचं मंदिर असल्याचं वीस मिनिटं सांगितलं. मग संस्थेचे अध्यक्ष हार सावरत नळीपाशी आले.

"हे जिवंत आहे?"

"हृदय आहे. उंदीर नाही," सर म्हणाले.

"वा! मग औषध कधी?"

प्रमुख खोकले. सरांनी टपकणाऱ्या थेंबांकडे पाहिलं.

"सांगता येत नाही. हृदय किती घेतं ते बावीस वर्षांत कळलं. लवकर कसं घ्यायला लावायचं, ते नाही कळलं."

"छान, छान," म्हणत अध्यक्ष बटाटेवड्यांकडे वळले. मुदतवाढीचा कागद प्रमुखांनी घडी करून खिशात ठेवला.

सरांबरोबर मी बसनं परतलो. त्यांना एकट्यानं घरी जाऊ देणं मला बरं वाटेना, म्हणून मी त्यांच्याबरोबर वर गेलो. वहिनी खिडकीशी बसल्या होत्या. श्वासाची शिट्टी दारापर्यंत ऐकू येत होती.

"मिळाली का दोन वर्षं?"

"नाही."

"काय बोललात?"

"खरं ते."

"मग कशी मिळतील?" असं म्हणून त्यांनी गोळी जिभेखाली ठेवली. सरांनी खुर्ची ओढली, त्यांचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे पाहू लागले. शेजारी वही उघडी होती. तारीख, वेळ, ठोके; पानंच्या पानं.

गोळी विरघळल्यावर वहिनी मला म्हणाल्या, "बघा भाऊजी, लोकांना वाटतं केवढं प्रेम! हे मोजतायत."

"बोलू नकोस. बोललं की नाडी वाढते."

"मग हात सोडा, म्हणजे कमी होईल!"

मी हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी मनगट सोडलं, वहीची मागची पानं उलटली आणि ठोक्यांच्या रकान्यावरून बोट फिरवलं.

"हे मी कधी पडताळलंच नाही," ते म्हणाले.

"काय?"

"मोजणारा दरवेळी मीच होतो. लिमये, उद्यापासून चार दिवस संध्याकाळी मोकळे आहात का?"

चारही दिवस वेळ तीच ठेवली, गोळी तीच. दोन दिवस मनगट सरांनी धरलं, दोन दिवस मी. माझ्या पाळीला सर गॅलरीत जाऊन उभे राहत; खोलीत थांबलं तर फरक पडेल, म्हणाले. वहिनी पदराआड हसत होत्या.

माझ्या हातात नाडी मिनिटाला नऊ ठोके कमी भरली.