चारशे बारा नवी गिऱ्हाइकं

ज्या गुरुवारी सकाळी 'संतकृपा' सोसायटीच्या टाकीने तळ दाखवला, नेमक्या त्याच सकाळी कडूबाअण्णांनी आपल्या मोबाइलची साफसफाई काढली.

अण्णांनी एसटीत चौतीस वर्षे काढली होती, त्यातली शेवटची बारा वाहतूक नियंत्रक म्हणून. निवृत्त झाल्यावर शहराच्या कडेला, देवळाईच्या अंगाला फ्लॅट घेऊन राहिले. सोळा बिऱ्हाडांच्या त्या सोसायटीने त्यांना एकमताने अध्यक्ष केले, कारण दुपारी घरी सापडणारा पुरुष एवढा एकच होता. अध्यक्षाचे काम एकच, टँकर मागवणे. धरण आटत चालले होते, शहर वाढत चालले होते आणि नळाची पाइपलाइन बायपासच्या अलीकडेच कुठेतरी दमून बसली होती.

टँकर मागवायचा तो वेबसाइटवरून. पाच टँकरवाल्यांनी मिळून ती काढली होती. बनवणाऱ्याने कुठे पासवर्ड ठेवला नव्हता की मोबाइल नंबर विचारला नव्हता. तरी अण्णांनी ती उघडली की अक्षरे उमटत, 'नमस्कार कडूबाजी! तुमच्यापुढे अठ्ठेचाळीस ग्राहक आहेत. अंदाजे तीन दिवस.' हे आपले नाव तिला कसे कळते, याचे अण्णांना कौतुक होते. चार वर्षांचे संबंध, ओळखणारच.

कौतुक आटले ते काळ्या टाकीमुळे. अण्णांनी एकदा सहज पाच हजार लिटरच्या टाकीची किंमत पाहिली होती. तेव्हापासून ती टाकी त्यांच्या मागेच लागली. बातम्या वाचाव्यात तर टाकी. राशिभविष्य उघडावे तर टाकी. परवा अजिंठ्याच्या साडूच्या निधनाची बातमी आली, तर साडूच्या फोटोखालीही टाकीच, वर 'आजच घरी न्या!'

"ही अवदसा माझ्या मागं काहून लागलीय?" त्यांनी सुनेला विचारले.

अपेक्षा विमा कंपनीच्या ऑफिसात निघाली होती. एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात सासऱ्यांचा फोन, असे तिने उभ्या उभ्याच समजावले. "मामा, त्या कुकीज हायेत. तुम्ही कुठंबी 'सगळ्या स्वीकारा' दाबून टाकता ना, त्या."

"बिस्किटं?"

"नाय हो. चिठ्ठी समजा. तुम्ही कोण, काय बघितलं, ते लिहून ती वेबसाइट चिठ्ठी तुमच्याच फोनात ठिवून जाती. परत गेलात की चिठ्ठी वाचती आन् वळखती."

"म्हंजी माझ्याच घरात माझ्यावर पाळत?"

"समद्याच वाईट नसत्यात. त्या टाकीवाल्यासारख्या, तिसऱ्याच कुणाच्या असत्यात, तेवढ्या बंद करा. हे बघा, सेटिंग, मग प्रायव्हसी, मग हितं. पण समद्या मिटवू नका बरं."

अपेक्षाची स्कूटी कोपऱ्यावर वळली आणि अण्णांनी समद्या मिटवल्या. अर्धवट काम एसटीत कधी केले नव्हते, आता काय करणार.

टाकी गेली. बातम्या स्वच्छ झाल्या, साडूचा आत्मा मोकळा झाला. अण्णांनी समाधानाने टँकरची वेबसाइट उघडली. तिने विचारले, 'आपण नवीन आहात का?'

अठ्ठेचाळीस गेले, तीन दिवस गेले, रांगेतला नंबर चिठ्ठीसकट गेला. खालून शेजारच्या केसरबाई बादली वाजवत विचारत होत्या, "ओ अध्यक्ष, पाणी कधी?" आणि अध्यक्षांना वेबसाइट ओळख द्यायला तयार नव्हती. त्यांनी पुन्हा नाव लिहिले, सोसायटीचे नाव लिहिले, नकाशावर खूण टेकवली. शेवटी उत्तर आले, 'स्वागत! नव्या ग्राहकांना पहिला टँकर आजच.'

संध्याकाळी पाच वाजता टँकर फाटकात उभा होता.

अण्णा रात्रभर विचारात पडले. रविवारी त्यांनी पुन्हा कुकीज मिटवल्या. वेबसाइट पुन्हा त्यांना विसरली, पुन्हा स्वागत झाले, पुन्हा टँकर आला.

"आवो, ही लबाडी नव्हं का?" त्यांच्या पत्नी आवडाबाईंनी विचारले.

"लबाडी कशी? मी माझंच नाव लिहितो, खरंखुरं. त्यानं वळखलं नाय, त्याला मी काय करू? जुन्या गिऱ्हाइकाला तीन तीन दिवस ताटकळत ठिवायचं आन् अनोळख्याला पायघड्या. ही रीत त्याची हाय."

आवडाबाईंनी भरलेल्या पिंपाकडे पाहिले आणि धर्मचर्चा तिथेच थांबवली.

पण आठवड्यात दोनदा टँकर येणारी सोसायटी लपून राहते थोडीच. केसरबाईंनी अण्णांना जिन्यात गाठले, अण्णांनी शपथ घालून सांगितले आणि तिसऱ्या दिवशी सगळी गल्ली गच्चीवर जमली. अण्णांनी शिबिरच घेतले. समोर साठ-सत्तर माणसे फोन धरून बसलेली.

"सेटिंगात जावा. गेले का समदे? कुणी मागं राहू नका."

"अण्णा, माझं व्हॉट्सॲपच गेलं!" राजाबाई ओरडल्या.

"तुम्ही उतरायच्या आधीच दार उघडलंत. बसा खाली."

चौथ्या मजल्यावरचे सर्जेराव तर सगळीकडूनच बाहेर पडले, बँकेतून, विजेच्या बिलातून आणि मुलीसाठी स्थळे पाहायच्या वेबसाइटमधूनही. त्यांना एकही पासवर्ड आठवेना. पण घरी टँकर आला आणि त्यांनी जगाशी तुटलेला संबंध हसत सोसला.

महिनाभर गल्ली अशी रोज सकाळी स्मृती पुसून नव्याने जन्माला येत होती. मग एके दुपारी मोटरसायकलवरून एक घामाघूम गृहस्थ आले. टँकरवाल्यांचे मॅनेजर, भारत. हातात नकाशाचा कागद.

"काका, ही नवी वसाहत कुठाय?"

"कोणची?"

"हीच की. महिन्यात चारशे बारा नवी गिऱ्हाइकं. ह्या बघा खुणा." कागदावर लाल ठिपक्यांचा नुसता गोवर उठला होता, आणि तो सगळा इमारतीमागच्या सांडू नावाच्या शेतकऱ्याच्या पडीक वावरात. गल्लीतल्या जाड बोटांनी खुणा टेकवताना त्या जरा मागे सरकल्या होत्या. ड्रायव्हर पत्ता वाचून बरोबर येत, पण नकाशावर चारशे बारा घरे वावरात उभी होती.

भारतने मागे जाऊन पाहिले. वावरात एक कडुलिंबाचे झाड होते आणि त्याखाली एक शेळी.

अण्णांना राहवेना. चौतीस वर्षांत त्यांनी न सुटलेली गाडी सुटली म्हणून कधी पुकारली नव्हती. "साहेब, वसाहत नाय. ते चारशे बारा आम्हीच हाओत." आणि त्यांनी चिठ्ठीपासून सगळे सांगितले.

भारतने नकाशाची घाईने घडी घातली. "काका, हळू बोला. मालकांनी ह्या वसाहतीच्या भरवशावर तीन नव्या गाड्या घेतल्यात. दौलताबादकडं पाण्याची नवी हीर भाड्यानं धरली. आता वसाहतच नाय म्हणून सांगू कसं? माझी नोकरी जाईल."

"मग?"

भारतने लिंबाकडे बोट केले. "उद्यापासून एक गाडी रोज हितं उभी करतो. वसाहतीची कायमची गाडी. नळ लावलेली. मालक आले तर गर्दी दिसली म्हंजी झालं. तुम्ही फकस्त गर्दी करा."

गर्दी करायला कोणाला शिकवावे लागले नाही. दुसऱ्या दिवसापासून लिंबाखाली टँकर उभा राहू लागला आणि गल्ली हंडे घेऊन वावरात उतरू लागली. मालक येऊन पाहून गेले. त्यांना घरे दिसली नाहीत, पण एवढी माणसे दिसली की घरे पलीकडे असतील असे धरून ते खूश होऊन परतले. अण्णांच्या मनाला मात्र टोचणी लागून राहिली. पुढच्या माणसाला तरी खरे सांगायचे, असे त्यांनी ठरवले.

तो माणूस आठवड्यात आला. खुलताबादकडचे एक मास्तर आणि त्यांची बायको, जागेच्या शोधात. "हितं नवी वसाहत झालीय म्हणं, चारशे घरांची?" मास्तरांनी विचारले.

"एकबी घर नाय," अण्णा ठामपणे म्हणाले. "समदं खोटं हाय, मास्तर. नुसतं वावर हाय. फसू नका."

मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांच्या बायकोने मात्र लिंबाखाली पाहिले. टँकरच्या नळातून मनगटाएवढी धार पडत होती.

"पाणी तर खरं हाय ना?"

"ते रोज येतं," अण्णांना कबूल करावे लागले.

"आवो, ह्या शहरात आठ जागा बघितल्या," ती बाई नवऱ्याला म्हणाली. "समदीकडं घरं आधी आन् पाणी येईल म्हणत्यात. हितं पाणी आधी आलंय. घर काय, बांधता येतं." आणि तिने शेळीजवळ बसलेल्या सांडूला हाक मारून गुंठ्याचा भाव विचारला.