मृत माणसाने बोलायचं नाही

स्वतःच्या मरणाची तयारी माझ्याइतकी चोख कोणी केली असेल, तर त्याने समोर यावं! एकतीस वर्षं मी कारखान्यात सुरक्षा अधिकारी होतो. आग कधी लागली नाही, पण लागलीच तर कोणी कुठल्या दाराने पळायचं, हे झाडूवाल्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांना पाठ होतं. कारण दर तीन महिन्यांनी मी ड्रिल घ्यायचो. भोंगा वाजायचा, माणसं पळायची, आणि ज्यांच्या गळ्यात मी ‘जखमी’ किंवा ‘मृत’ अशी पाटी अडकवली असेल, ती निमूट जमिनीवर पडून राहायची. एकदा एक ‘मृत’ फिटर मध्येच उठून डबा खायला गेला. त्याला मी मेमो दिला. मेलेल्या माणसाला मेमो देणारा जगात मी एकटाच असेन!

तर निवृत्त झाल्यावर मी मृत्युपत्र केलं. वकिलाकडून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन, अगदी पक्कं. पण नुसता कागद करून काय उपयोग? वेळेवर तो सापडायला नको? आमचे शेजारी गेले तेव्हा त्यांच्या घरची माणसं महिनाभर कपाटं उपसत होती. म्हणून मी ठरवलं, आपल्या मृत्यूचंही ड्रिल घ्यायचं.

“काय घ्यायचं?” बायकोने भाजी चिरता चिरता विचारलं.

“ड्रिल! रविवारी अकरा वाजता मी मरणार. तुम्ही पंधरा मिनिटांत कागद शोधायचे, वाचायचे आणि पुढे कोणी काय करायचं ते ठरवायचं.”

“रविवारी नको, चादरी धुवायच्या आहेत,” ही म्हणाली. “शनिवारी मरा.”

शनिवारी मुलगा आणि सून घरी होतेच, लेकीलाही बोलावून घेतलं. फ्रिजवर नियम चिकटवले. नियम एक, सगळं खरं समजून वागायचं. नियम दोन, मृत माणसाने बोलायचं नाही, खुणाही करायच्या नाहीत. बरोबर अकराच्या ठोक्याला मी गळ्यात पाटी अडकवून सोफ्यावर आडवा झालो.

पहिली दहा मिनिटं शोधाशोधीतच गेली. मुलाने कपाट उघडून फायली जमिनीवर ओतल्या.

“मिक्सरची वॉरंटी सापडली! मिक्सर जाऊन बारा वर्षं झाली!”

“अरे, ‘घर’ अशी फाईल असेल, ती बघ,” लेक म्हणाली.

तिथे कसं असेल? सगळ्यात महत्त्वाचा कागद सगळ्यात महत्त्वाच्या फायलीत, म्हणजे ‘अग्निशमन’मध्ये ठेवला होता. एवढं साधं गणित यांना सुटेना! मी एक डोळा उघडून त्या फायलीकडे रोखून बघायला लागलो.

“बाबा, डोळे मिटा!” लेक कडाडली. “नाहीतर मेमो मिळेल!”

तेवढ्यात सुनेने शक्कल लढवली. कागदाची एक प्रत वकिलाकडे असणारच, म्हणून तिने सरळ फोन लावला.

“हॅलो, वकीलसाहेब? आमचे बाबा गेले हो! आज सकाळी अकराला!”

नियम एक! पोरीने तो इतका मनावर घेतला की तिला खरोखरचा हुंदका आला आणि तिने फोन ठेवून दिला. मी ताडकन उठून बसलो. “अगं, त्यांना सांग तरी की...”

“मृत माणसाने बोलायचं नाही!” चौघं एका सुरात ओरडली. माझाच नियम, काय करणार? झालो पुन्हा आडवा.

वीस मिनिटांत वकील धापा टाकत हजर! मान खाली, हातात कागदांची पिशवी. दारातूनच त्यांनी हिला हात जोडले.

“वहिनी, फार शिस्तीचा माणूस गेला हो. डोकं खायचा, एकेका स्वल्पविरामासाठी चार चार फोन करायचा, पण मनाने...”

मग त्यांची नजर सोफ्यावर गेली. माझं पोट खालीवर होत होतं. वकील मटकन खुर्चीत बसले. सुनेने पाणी दिलं, लेकीने सगळा प्रकार समजावून सांगितला. डोकं खातो म्हणे मी! तोंडावर बोलले, आणि मला उत्तर द्यायची सोय नाही!

“आता आलोच आहे तर वाचून दाखवतो,” ते घाम पुसत म्हणाले. “राहतं घर, मुलाला. शहराबाहेरचा जमिनीचा तुकडा, मुलीला. पुस्तकं, वाचनालयाला. हत्यारांची पेटी, कारखान्यातल्या फिटरला. सायकल, गेटवरच्या वॉचमनला.”

वकील थांबले. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

“आणि?” हिने विचारलं.

“आणि काय, वहिनी?”

“माझं?”

वकिलांनी पान उलटलं. मागचं पाहिलं, पुन्हा पुढचं पाहिलं. “तुमचं नाव... कुठे दिसत नाही.”

“फिटरचं आहे?”

“फिटरचं आहे.”

मी तोंड उघडलं. या वेळी हीच माझ्याकडे बघून म्हणाली, “अंहं. खरंच जाल तेव्हाही असेच पडलेले असाल ना? मला तेव्हा कोणाला विचारता येणार आहे? पडून राहा.”

“आई, असं काय करतेस?” मुलगा कळवळून म्हणाला. “घर माझं काय नि तुझं काय! तू आमच्याकडेच राहणार आहेस.”

“तेच तर म्हणतेय. आज तू माझ्याकडे राहतोस, उद्या मी तुझ्याकडे राहणार. घर तेच, खोली तीच, आणि मी मात्र तू ठेवलीस म्हणून राहायचं. हे घर बांधलं तेव्हा तुझे बाबा तिकडे भोंगे वाजवत होते. एकवीस दिवस सकाळ-संध्याकाळ भिंतींना पाणी मी मारलंय. ही तुझी बहीण पोटात होती तेव्हा.”

“आई बरोबर बोलतायत,” सून हळूच म्हणाली.

“मी विचारलं होतं हो यांना,” वकील म्हणाले. “वहिनींचं काय लिहायचं? तर म्हणाले, ‘ती असतेच की!’”

म्हणालो होतो. खोटं कशाला बोलू? सायकलीचा विचार केला, वॉचमनचा केला, हिचा नाही केला. सामानाची यादी करताना आपण आपला हात त्यात लिहीत नाही, तसं झालं. पण त्या सोफ्यावर पडल्या पडल्या मला पहिल्यांदाच मी नसलेलं घर दिसलं. भिंतीत एक खिळा ठोकायचा म्हणून ही कोणाची तरी परवानगी मागतेय, असं दिसलं. माझी मलाच लाज वाटली. मी गळ्यातली पाटी काढून फेकली.

“संपलं ड्रिल! वकीलसाहेब, लिहा. घर हिचं! नुसता राहायचा हक्क नको, पूर्ण मालकी! विकू दे, भाड्याने देऊ दे, नाहीतर त्या फिटरला देऊ दे!”

सगळ्यात आधी मुलगाच म्हणाला, “लिहा, लिहा.” वकिलांनी तिथेच मसुदा केला. सोमवारी टाईप करून आणतो, मग साक्षीदारांसमोर सही करू, म्हणाले. हिने चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून मसुदा दोनदा वाचला.

“हे लागू कधीपासून होतं?”

“हे... म्हणजे, हे गेल्यावर, वहिनी.”

हिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी पोट आत घेऊन ताठ बसलो.

“मग असू दे,” कागद परत देत ही म्हणाली. “मला काही घाई नाही.”

छत्तीस वर्षांच्या संसारात ही माझ्याबद्दल इतकं गोड कधी बोलली नव्हती! माझे डोळेच भरून आले. “खरंच?” मी विचारलं.

“तर काय! माळ्यावरचा तुमचा पसारा कोण निस्तरणार? तो आवरल्याशिवाय कुठे जायचं नाही.”

सोमवारी सह्या करून टाकल्या, त्या गोष्टीला आता चार वर्षं झाली. मी अजून माळ्याला हात लावलेला नाही.