गल्लीभर एकच घंटा

मामांचं ठाम मत होतं, की छोट्या दुकानदारांना नुसत्या सहानुभूतीची गरज नसते, त्यांना डोकं लागतं! आणि डोकं मामांकडे होतंच. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून ते बिचारं रिकामंच बसून होतं.

त्यांच्या भाचीची गल्ली गरिबांची. प्रत्येक दुकान एका खोलीचं आणि सांभाळायला माणूसही एकच. त्यातून हा माणूस आपल्या दुकानात क्वचितच सापडे! सलूनवाला गप्पा मारायला पिठाच्या गिरणीत, तर किल्लीवाला सलूनमध्ये पेपर वाचत. भाची कपडे शिवायची. खाली दुकान, वर घर आणि घरात रांगतं बाळ. ती वर असताना गिऱ्हाईक आलं, की सलूनवाला मान वर करून गर्जायचा, "अगं ए टेलरबाई! खाली ये!"

"हे काय बरं दिसतं?" मामा म्हणाले. "उद्या शाळेच्या मोठ्या बाई गणवेशांचं काम द्यायला येणार, आणि हा असा कोकलणार?"

 ते काम मिळालं नाही, तर मशीन विकून भाचीला कारखान्यात जावं लागणार होतं, बाळाला दिवसभर दुसऱ्याकडे ठेवून.

मामांनी बिनतारी घंटा आणल्या. दुकानात बटण, मालकाच्या खिशात घंटा. गिऱ्हाईकाने बटण दाबलं, की मालक हजर! एकटीलाच कशाला, म्हणून उदार मनाने त्यांनी चौघांनाही एकेक दिली.

सकाळी गिरणीवर कुणीतरी बटण दाबलं आणि चारही घंटा एकदम ठणाणल्या! सलूनवाला गिऱ्हाईकाचा एक गाल तसाच ठेवून दाराकडे धावला. किल्लीवाला धावला. भाची जिन्यावरून धावत खाली आली, आणि वर बाळाने भोकाड पसरलं.

"मामा, हे काय?"

"पहिलाच दिवस आहे," मामा शांतपणे म्हणाले. "जरा रुळू देत."

घंटा काही रुळल्या नाहीत. दुपारपर्यंत बाळ इतक्यांदा जागं झालं, की भाचीने आपली घंटा गाद्यांच्या ढिगाखाली कोंबली. मामांनी शेवटी एक बटण उघडलं. आत बारीकसा खटका होता. प्रत्येक जोडीचा वेगळ्या खुणेवर लावायचा, तो मामांनी चारही ठिकाणी एकाच खुणेवर ठेवला होता! त्यांनी घाईने स्क्रू ड्रायव्हर काढला.

एवढ्यात मोठ्या बाई आल्या आणि त्यांनी भाचीच्या दुकानाचं बटण दाबलं.

घंटा कुणाची ते बघायला सलूनवाला साबणाच्या ब्रशासकट आला. त्याच्यामागे अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक, गळ्यात टॉवेल. गिरणीवाला डोक्यापासून पायापर्यंत पांढराफटक. किल्लीवाला खुळखुळत. बाई दोन पावलं मागे सरल्या.

"मी... टेलरबाईंकडे आलेय."

"बसा की बाई!" सलूनवाल्याने खुर्ची ओढली. गिरणीवाल्याने ती हाताने पुसली आणि उलट पांढरी केली. किल्लीवाल्याने पाणी आणलं. मग सलूनवाल्याने मान वर केली, "अगं ए टेलरबाई!"

भाची बाळाला कडेवर घेऊन उतरली. सगळं हातचं गेलं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

"बाई, चूक माझी आहे," मामा पुढे झाले. "ही घंटा..."

"थांबा!" बाई म्हणाल्या. "शाळेत मी दहा वेळा घंटा वाजवते, तेव्हा कुठे एक शिपाई आळस देत येतो. इथे एकदा दाबली, तर एवढी माणसं धावली! दुकान एकटीचं आहे म्हणून मला काळजी होती. मापं घ्यायला सोमवारी या हं, टेलरबाई."

भाचीने बाळाचा इतक्या जोरात मुका घेतला, की ते पुन्हा रडलं.

बाई मामांकडे वळल्या. "आणि ही घंटा आमच्या शाळेतही बसवून द्या."

"देतो की! पण बाई, ही बिघडलेली आहे. आधी दुरुस्त करतो आणि..."

"खबरदार हात लावाल तर!"

मामांनी स्क्रू ड्रायव्हर हळूच खिशात टाकला. दुरुस्ती न करण्याचं काम त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं होतं.